पाऊस गेला, थंडी यायची आहे: गच्चीवरच्या बागेचे पाच आठवडे

पुण्यात बागेला थंडीपासून वाचवावं लागत नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा आठ-दहा अंशांवर येतो, निफाडकडे चार-पाचवर उतरतो, पण कुंडीतली माती काही गोठत नाही. गुलाब, शेवंती, फ्लॉवर, वाटाणा यांना हेच दिवस मानवतात. त्यामुळे आश्विन-कार्तिकात जी तयारी करायची, ती पावसानं बिघडवलेलं दुरुस्त करायची. चार महिन्यांच्या पाण्यानं कुंडीतली माती दगडासारखी बसलेली असते, तिच्यातलं खत वाहून गेलेलं असतं, तळाची भोकं बुजलेली असतात आणि गुलाबाच्या फांद्या शेंड्याकडून काळ्या पडत आलेल्या असतात. परतीचा पाऊस थांबल्यापासून, म्हणजे साधारण ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून, तुळशीच्या लग्नापर्यंतच्या चार-पाच आठवड्यांत हे सगळं उरकावं लागतं. गच्चीवरच्या साठेक कुंड्या आणि मागच्या दारी असलेला दहा फूट बाय चार फुटांचा वाफा, एवढ्यासाठी आम्ही जो क्रम पाळतो तो इथे लिहीत आहोत.

सुरुवात तणापासून. पावसाळ्यात वाढलेलं गवत, आघाडा, केना हे बी धरायच्या आत उपटलं तर आच्छादनाला सोनं आहे; बी धरल्यावर तेच कंपोस्टमध्ये गेलं तर पुढच्या जूनला सगळ्या कुंड्यांतून उगवतं. गाजरगवताला हातमोजे घातल्याशिवाय हात लावू नये, त्यानं अंगाला खाज सुटते आणि पुरळ उठतं. पांढरी फुलं आलेलं गाजरगवत कंपोस्टमध्ये अजिबात नको. लव्हाळा वरून खुडून काहीच साधत नाही. खाली सुपारीएवढ्या गाठी असतात, त्या खुरप्यानं शोधून काढाव्या लागतात, आणि एक राहिली तरी पंधरा दिवसांत पुन्हा कोंब दिसतो. याच वेळी गच्चीच्या पन्हळीचं तोंड साफ करायचं आणि प्रत्येक कुंडी उचलून तिच्याखाली बघायचं. गोगलगायी तिथेच दिवस काढतात. त्या वेचून मिठाच्या पाण्याच्या डब्यात टाकायच्या. कुंडीच्या मातीवर मात्र मीठ टाकू नये, ते झाडालाच लागतं.

आता माती. सगळ्या कामांत आम्ही सर्वांत जास्त दिवस मातीला देतो, आणि ते ऑक्टोबरच्या उन्हातच द्यायला हवेत. या उन्हाला सगळे वैतागतात, पण माती वाळवायला इतका चांगला ताव पुन्हा मार्चपर्यंत मिळत नाही, आणि मार्चपर्यंत हिवाळी बाग संपलेली असते.

पावसाळी भाजी निघालेल्या कुंड्या पूर्ण रिकाम्या करायच्या. आधी दोन दिवस पाणी बंद ठेवलं की माती कडेपासून थोडी सुटते. मग कुंडी आडवी करायची, चारी बाजूंनी तळहातानं थोपटायची आणि बुंधा धरून ओढायचं. बारा इंची कुंडीतून अख्खा गोळा बाहेर येतो. तळाशी मुळांची चुंबळ झालेली असते, भोकातून एखादं जाड मूळ बाहेर डोकावत असतं, आणि खालचे दोन-तीन इंच काळपट, चिकट, गटारासारख्या वासाचे असतात. हा वास आला की समजायचं, पाणी तिथे साचत होतं आणि मुळांना हवा मिळत नव्हती. वरून झाड पिवळं पडत असताना आपण त्याला खत घालत असतो, आणि खाली ही स्थिती असते.

हे गोळे फोडून ताडपत्रीवर दोन इंचांच्या थरात चार-पाच दिवस पसरायचे आणि रोज एकदा हातानं वरखाली करायचे. त्या वेळी हुमणी सापडते: करंगळीएवढी, पांढरी, इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी वळलेली, डोकं तपकिरी. बारा इंची कुंडीत तीन-चार निघाल्या तर त्या कुंडीतलं झाड अचानक का माना टाकत होतं याचं उत्तर मिळालं म्हणायचं, कारण ती मुळंच खाते. हुमणी वेचायची. घरच्या बागेला त्यासाठी औषध लागत नाही. वाळलेली माती अर्ध्या इंचाच्या चाळणीतून चाळली की खडे, जुनी मुळं आणि विटांचे तुकडे वेगळे होतात. हे तुकडे फेकायचे नाहीत, तळाच्या भोकावर ठेवायला तेच लागतात.

मिश्रणाचं आमचं माप घमेल्यांत आहे: चार घमेली ही चाळलेली माती, तीन घमेली मुरलेलं शेणखत किंवा गांडूळखत, दोन घमेली भिजवलेलं कोकोपीट, एक घमेलं जाड वाळू. या दहा घमेल्यांना अर्धा किलो निंबोळी पेंड आणि शंभर ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणाऱ्या उपयोगी बुरशीची पूड). एवढ्यात बारा इंची सहा-सात कुंड्या भरतात. कोकोपीटची साडेसहाशे ग्रॅमची वीट चार लिटर पाण्यात भिजवली की आठ-नऊ लिटर होते. ती दोनदा पिळून धुवायची, कारण त्यात क्षार असतात आणि कोवळ्या रोपांची पानं त्यानं कडेनं करपतात.

शेणखताची मात्र परीक्षा करूनच घ्या. पोत्यात कोपरापर्यंत हात घालायचा. आत गरम लागलं तर ते अजून कुजतं आहे. मूठभर बाहेर काढून वास घ्यायचा. शेणाचा वास आला, काड्या ओळखू आल्या, तर ते आणखी महिनाभर ओलं करून झाकून ठेवायचं. मुरलेलं खत काळं, भुसभुशीत असतं आणि पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास देतं. कच्चं खत मुळं जाळतं, आणि हुमणीचे भुंगेरे अंडी घालायला तेच शोधत येतात.

राखेबद्दल एक सांगायला हवं. पुष्कळ जण कुंडीत मूठभर राख टाकायला सांगतात. कोकणात, जांभ्याच्या आंबट मातीत ते ठीक आहे. पण देशावरची काळी माती आधीच चुनखडीची, सामू (पीएच) आठच्या आसपास, आणि वर बोअरचं पाणी, ज्यानं कुंडीच्या काठावर पांढरा थर चढतो. तिथे राख टाकली की सामू आणखी चढतो, मातीत लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही, आणि शेंड्याची पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या, असं दिसू लागतं. हाडांचा चुराही अशा मातीत फार हळू लागू पडतो, म्हणून आम्ही तो बंद केला. पिवळेपणा दिसलाच तर चिलेटेड लोह (झाडाला सहज उचलता येणारं) अर्धा ग्रॅम एक लिटर पाण्यात घालून सकाळी पानांवर फवारतो.

मिश्रण ओलसर करून गोणपाटाखाली आठ-दहा दिवस सावलीत ठेवायचं. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा आणि बोटानं टोचल्यावर फुटावा, एवढीच ओल. जास्त ओलं झालं तर आत पुन्हा तोच आंबूस वास येतो. भरताना कुंडी काठापर्यंत भरू नये, वर दीड इंच मोकळा ठेवावा, नाहीतर पाणी घातलं की माती गच्चीवर. आणि वजनाचा विचार आधी करावा: भिजलेली बारा इंची कुंडी वीस-पंचवीस किलोंची होते. ती तुळईच्या किंवा भिंतीच्या कडेनं ठेवावी, स्लॅबच्या मध्यावर रांगा लावू नयेत.

माती उन्हात असते तेव्हाच गुलाबाची छाटणी होते. कोजागिरीच्या पुढेमागे, आकाश सलग चार-पाच दिवस निरभ्र दिसलं की सिकेटर (छाटणीची कात्री) काढायचा. घाई केली आणि छाटल्यावर परतीचा पाऊस आला, तर प्रत्येक कापातून पाणी आत शिरतं आणि फांदी वरून खाली मरत येते. कुंडीतल्या गुलाबाचं पाणी आधी तीन-चार दिवस निम्म्यावर आणायचं. जमिनीतल्या गुलाबांची मुळं उघडी करून आठवडाभर उन्हात ठेवायची जुनी रीत आहे. भारी काळ्या जमिनीत झाडाला विसावा मिळावा म्हणून ती पडली असावी, पण कुंडीत ती चुकूनही करू नये. तिथे मुळांचा जीवच तेवढा, दोन दिवसांत वाळतात.

सिकेटरची पाती आधी स्पिरिटनं पुसायची, आणि प्रत्येक झाडानंतर पुन्हा. पहिल्यांदा मेलेली फांदी काढायची. काळ्या भागाखाली, जिथून साल हिरवी दिसते तिथे कापायचं आणि कापाकडे बघायचं. मधला गाभा तपकिरी असेल तर रोग अजून खाली आहे. आणखी अर्धा इंच खाली. पुन्हा बघायचं. गाभा पांढरट, दुधी दिसला की थांबायचं. कधी कधी असं उतरत उतरत बुंध्यापर्यंत जावं लागतं. जावं, तपकिरी गाभा ठेवून वाचवलेली फांदी डिसेंबरात नव्या फुटव्यासकट मरते. नंतर आत वळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि पेन्सिलीपेक्षा बारीक फांद्या. शेवटी चार-पाच दमदार फांद्या उरतात, त्या फूट-दीड फुटावर कापायच्या. काप बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या (फुटवा निघतो त्या कोंबाच्या) वर पाव इंच, आणि उतार डोळ्याच्या उलट दिशेला, म्हणजे दव डोळ्यावर ओघळत नाही. जास्त वर कापलं तर वरचा खुंट वाळतो आणि मर तिथूनच सुरू होते. डोळ्याला अगदी चिकटून कापलं तर डोळाच सुकतो.

कलमाच्या सांध्याच्या खालून एखादा जोमदार, फिकट हिरवा फुटवा आलेला असतो. त्याच्या पानाला बहुधा सात पर्णिका, कलमी गुलाबाला सहसा पाच. हा रानटी खुंटाचा फुटवा. त्याला सिकेटर लावला की खालून दोन येतात. माती बाजूला करून तो जिथून निघाला तिथून खाली ओढून फाडून काढायचा. ‘आमचा गुलाब दोन वर्षांत रानटी झाला’ ही तक्रार आली की नव्वद टक्के वेळा मूळ कलम मरून हा फुटवाच उरलेला असतो.

कापांना त्याच दिवशी बोर्डो पेस्ट. वीस-पंचवीस झाडांना पुरेल एवढं माप: वीस ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट, तांब्याचा क्षार) शंभर मिलि पाण्यात प्लास्टिकच्या वाटीत विरघळवायचं, वीस ग्रॅम कळीचा चुना शंभर मिलि पाण्यात दुसऱ्या वाटीत विरवून, थंड करून गाळायचा. चुना विरताना गरम होतो आणि उडतो, तोंड लांब ठेवावं. दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या वाटीत ओतत काडीनं ढवळायचं. आकाशी रंगाची दाट पेस्ट होते. तिच्यात घासून स्वच्छ केलेला लोखंडी खिळा मिनिटभर बुडवायचा. वर तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळं राहिलं आहे आणि ते साल जाळेल, म्हणून थोडी चुन्याची निवळी आणखी घालायची आणि पुन्हा खिळा बुडवायचा. खिळा होता तसाच निघाला की ब्रशनं कापांवर लावायची. मिश्रणासाठी लोखंडी भांडं नको, आणि उरलेली पेस्ट दुसऱ्या दिवशी वापरायची नाही. मोरचूद विष आहे, त्या वाट्या स्वयंपाकघरात परत जाऊ देऊ नयेत. आणखी एक: तांबं बुरशीला मारतं आणि ट्रायकोडर्मा हीसुद्धा बुरशीच. पेस्ट मातीत सांडली की ट्रायकोडर्माचा खर्च वाया.

छाटलेल्या कुंडीतली वरची दोन-तीन इंच माती हलक्या हातानं खरवडून काढायची, तिथे एक किलो शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड, मग भरपूर पाणी. त्यानंतर डोळे फुगेपर्यंत माती वाळू लागल्याशिवाय पाणी नाही. पानंच नाहीत, तर झाड पाणी खर्च कशावर करणार? नवे लालसर फुटवे दोन-तीन इंचांचे झाले की पातळ खत: शंभर ग्रॅम शेंगदाणा पेंड एक लिटर पाण्यात चार दिवस भिजवून, गाळून, दहापट पाणी घालून, कुंडीला अर्धा लिटर, आठवड्यातून एकदा. छाटणीपासून पहिलं फूल साधारण पंचेचाळीस-पन्नास दिवसांत. ऑक्टोबरच्या मध्यावर छाटलेला गुलाब डिसेंबरच्या सुरुवातीला फुलतो आणि दुसरा बहर जानेवारीच्या उत्तरार्धात येतो, एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनाच्या सुमाराला.

भाजीला मात्र घाई नको. दसऱ्याला पेरलेली कोथिंबीर उगवली नाही म्हणून बियाणेवाल्याला बोल लावला जातो, पण धण्याला आणि पालकाला तिशीच्या वरचं तापमान मानवत नाही. रात्री अंगावर पातळ पांघरूण घ्यावंसं वाटू लागलं की पेरावं. त्याआधी मेथी आणि मुळा चालतात, ते उन्हाला जुमानत नाहीत. धणे लाटण्यानं हलकेच रगडून प्रत्येकाचे दोन भाग वेगळे करायचे (पीठ करायचं नाही), रात्रभर भिजवायचे, ओळीत अर्धा इंच खोल टाकायचे. उगवायला आठ ते बारा दिवस. गाजर आणि मुळा जिथे पेरायचा तिथेच वाढवायचा, रोप उपटून लावलं की मूळ वाकडं होतं. मातीत खडा किंवा कच्चं खत लागलं तर गाजराला दोन-तीन पाय फुटतात. गाजराचं बी बारीक, वर पाव इंच माती, त्यावर ओलं गोणपाट, आणि रोज उचलून बघायचं. पहिला हिरवा ठिपका दिसला त्याच संध्याकाळी गोणपाट काढायचं. एक दिवस उशीर झाला तर रोपं पिवळी आणि लांबुडकी होतात. बिटाच्या एका बीतून तीन-चार रोपं येतात, त्यातलं एकच ठेवावं. वाटाणा रात्रभर भिजवून ऑक्टोबरअखेर, दोन-दोन इंचांवर, बाजूला तीन-चार फुटांच्या काड्या. लसणाच्या बाहेरच्या मोठ्या पाकळ्याच निवडायच्या, टोक वर, चार बोटांवर एक. मधल्या बारीक पाकळ्यांना गड्डा धरत नाही, त्या एका पसरट डब्यात हिरव्या पातीसाठी लावाव्यात.

फ्लॉवर-कोबीची रोपं चार-पाच पानांची, पंचवीस-तीस दिवसांची घ्यावीत. रोपवाटिकेत दिवाळीनंतर जी उंच, जाड देठाची रोपं स्वस्त मिळतात ती घेऊ नयेत. जून झालेलं रोप कुंडीत गेलं की वाढायच्या ऐवजी लगेच लिंबाएवढा गड्डा धरतं आणि तिथेच थांबतं. नत्र कमी पडलं तरी हेच होतं. चौदा इंची कुंडीत एकच रोप. कोबीवर्गावर बारीक हिरवी अळी येतेच. रोपं लावायच्या दोन आठवडे आधी शेजारच्या डब्यांत मोहरी पेरून ठेवली की पतंग आधी मोहरीवर अंडी घालतात, आणि मोहरीची पानं खुडून टाकता येतात. तरी अळी दिसली तर बीटी पावडर (अळीला मारणाऱ्या जिवाणूची) एक ग्रॅम एका लिटरला, संध्याकाळी, पानाच्या खालच्या बाजूनं. उन्हात ती लवकर निकामी होते. फ्लॉवरचा गड्डा अंड्याएवढा झाला की त्याचीच बाहेरची पानं वर घेऊन सुतळीनं सैल बांधायची, म्हणजे तो पांढरा राहतो.

हंगामी फुलांची, म्हणजे पेटुनिया, फ्लॉक्स, कॅलेंडुला यांची, रोपं याच मिश्रणात सहा-आठ इंचांवर लावली की झालं. शेवंतीला आता कात्री लावायची नाही. कळ्या धरलेल्या असतात, फक्त काठ्या द्यायच्या.

काही झाडांना या दिवसांत काहीच करायचं नसतं, आणि तेच कठीण जातं. मोगरा आता छाटू नये. त्याचं पाणी डिसेंबरात तोडायचं आणि जानेवारीत छाटायचं, मग फेब्रुवारी-मार्चमध्ये कळी येते. अडेनियमची पानं गळू लागली की ते मेलं समजून पाणी घातलं जातं, आणि फुगलेला बुंधा कुजतो. बोटानं दाबून मऊ लागला तर उशीर झालेला असतो. दहा-पंधरा दिवसांतून एकदा पेलाभर पाणी पुरे. हळदीची पानं पिवळी पडू लागली की पाणी कमी करत बंद करायचं आणि पानं पूर्ण वाळल्यावर खणायची. भुईचक्र या फुलझाडाचे कंद कुंडीतच राहू द्यावेत, कुंडीवर चिठ्ठी लावून, नाहीतर रिकामी समजून कुणीतरी तिच्यात मेथी टाकतं. कढीपत्त्याची वाढ थांबते, त्याला खत फेब्रुवारीत. तुळशीच्या मंजिऱ्या खुडाव्यात, आणि लग्नाच्या दिवशी दूध, तेल, कुंकू बुंध्यात न जाता बाजूच्या ताम्हनात पडेल असं बघावं. दुधा-तेलानं माती आंबते आणि मुंग्या लागतात. थंडीत तुळस मरते त्याचं हेही एक कारण असू शकतं.

नोव्हेंबरच्या मध्यापासून पाण्याचा हात आवरायचा. ऑक्टोबरमध्ये रोज लागणारं पाणी आता एक दिवसाआड, तेही सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घालावं, गार आणि ओलं लागलं तर त्या दिवशी रजा. आच्छादनाचा वाळलेला पाला दोन इंच असावा, बुंध्यापासून चार बोटं लांब.

गुलाबाच्या कोवळ्या पानांवर पिठासारखी भुरी याच वेळी येते. पानांवर पाणी पडल्यामुळे भुरी येते असं मानतात. प्रत्यक्षात रात्री गारठा, दिवसा कोरडी ऊब आणि कुंड्यांची दाटी असली की ती वाढते. ओल्या पानावर वाढणारे ते काळे ठिपके, ते वेगळे. म्हणून भुरीवर पहिला उपाय कुंड्या एकमेकींपासून वीतभर लांब करण्याचा. मग पाण्यात विरघळणारं गंधक दोन ग्रॅम एका लिटरला, सकाळी, आठ दिवसांनी पुन्हा. तापमान बत्तीस अंशांच्या वर असताना गंधक पानं भाजतं. ढगाळ दिवस आले की शेंड्यांवर मावा (रस शोषणारी बारीक कीड). पाच मिलि कडुनिंबाचं तेल आधी दोन मिलि पातळ साबणात घोटायचं आणि मग लिटरभर कोमट पाण्यात. साबणाशिवाय तेल वर तरंगतं आणि फवाऱ्यातून शेवटी नुसतं तेल येतं, त्यानं पान जळतं. गंधक आणि तेल यांच्या फवाऱ्यांत निदान पंधरा दिवस अंतर ठेवावं.

गुलाबाची पहिली कळी वाटाण्याएवढी झाली की तिच्या खालच्या बाजूच्या कळ्या नखानं खुडायच्या. फूल उमलून तोडायचं ते पाच पर्णिकांच्या दुसऱ्या पानाच्या वर, त्या पानाच्या बगलेतला डोळा बाहेर बघतो आहे ना हे पाहून. जानेवारीची फांदी तिथून फुटते.